स्प्लिट-लेव्हल घर मोजताना: टेप उघडण्याआधी माती बघा

अमेरिकेत अप्रेझरचं, म्हणजे घराचं मूल्यांकन करणाऱ्याचं, काम नव्याने शिकणाऱ्याला साधं एकमजली रँच घर लवकर जमतं. बाहेरून फेरी मारायची, भिंतींची लांबी लिहायची, गॅरेज वजा करायचं, झालं. खरी कसोटी लागते स्प्लिट-लेव्हलमध्ये. दार उघडलं की थोड्या पायऱ्या वर, थोड्या खाली, आणि पहिला मजला नेमका कोणता हेच कळेनासं होतं. अशा एकाच घराचं क्षेत्रफळ काउंटीच्या नोंदीत १६८४, विक्रीच्या लिस्टिंगमध्ये १६२४ आणि अप्रेझलमध्ये १३४८ चौरस फूट लिहिलेलं असू शकतं. तिघांच्याही टेपमध्ये खोट नसते. कुठला भाग कुठल्या खात्यात धरायचा, एवढ्यावरून हा सगळा फरक पडतो. हे तीन आकडे कसे तयार होतात ते पुढे एका उदाहरणात येईलच.

ट्रेनी म्हणून काम सुरू करणाऱ्यांसाठी हे प्रामुख्याने लिहितो आहे. पण असं घर विकत घेताना किंवा रीफायनान्स करताना ‘आमचं क्षेत्रफळ कमी का दाखवलं?’ असा प्रश्न पडलेल्यांनाही याचा उपयोग होईल. माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे: स्प्लिट-लेव्हलमध्ये आधी प्रत्येक लेव्हलचं जमिनीशी नातं ठरवायचं आणि मगच मापं घ्यायची. उलट क्रमाने गेलात तर मापं अचूक येतील आणि उत्तर चुकेल.

नियम कोणता पाळायचा

फॅनी मेला, म्हणजे बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या अमेरिकी संस्थेला, जाणाऱ्या कर्जांसाठी घर आतून-बाहेरून बघून केलेल्या अप्रेझलमध्ये १ एप्रिल २०२२ पासून ॲन्सी (अमेरिकी राष्ट्रीय मानक संस्था) झेड७६५-२०२१ हे घराचं क्षेत्रफळ मोजायचं मानक सक्तीचं आहे. ते स्वतंत्र आणि जोडलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या एक-कुटुंबी घरांना लागू होतं. अपार्टमेंटसारख्या इमारतीतल्या काँडोला नाही; तिथे आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत मोजतात.

या मानकातल्या दोन व्याख्या पाठच करून ठेवा, कारण स्प्लिट-लेव्हलचा सगळा निकाल त्यांच्यावर लागतो.

पहिली व्याख्या लेव्हलची. एकाच आडव्या पातळीच्या २ फुटांच्या आत असलेले घराचे भाग म्हणजे एक लेव्हल. म्हणून दोन पायऱ्या उतरून जायची खोलगट लिव्हिंग रूम ही वेगळी लेव्हल होत नाही. अर्धा जिना चढून किंवा उतरून जायचा भाग मात्र वेगळी लेव्हल होतो.

दुसरी व्याख्या ग्रेडची, म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतीलगत असलेल्या जमिनीच्या पातळीची. लेव्हल पूर्णपणे जमिनीच्या वर असेल तरच ती ‘अबव्ह ग्रेड’. तिचा कुठलाही भाग, एखादा कोपरा का होईना, मातीखाली असेल तर ती अख्खी लेव्हल ‘बिलो ग्रेड’. तीन भिंती उघड्या आहेत, मागे काचेचं सरकतं दार आहे, खाली महागडं लाकडी फ्लोअरिंग आहे, यातल्या कशानेही उत्तर बदलत नाही. नव्या माणसाला हे अन्यायाचं वाटतं. पण इथे फक्त भाग कोणत्या खात्यात बसतो ते ठरतं. त्याची किंमत किती, हा प्रश्न पुढचा आहे आणि तो वेगळा सोडवायचा आहे. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की रिपोर्ट बिघडतो.

ग्रेडच्या वरच्या लेव्हल्समधल्या फिनिश्ड, म्हणजे राहण्यासाठी पूर्ण तयार केलेल्या, भागाची बेरीज म्हणजे जीएलए, ग्रॉस लिव्हिंग एरिया.

घराचा प्रकार ओळखा

सर्वांत जास्त भेटतं ते ट्राय-लेव्हल, म्हणजे साइड-स्प्लिट. एका बाजूला मुख्य लेव्हल, तिथे लिव्हिंग, डायनिंग, किचन. दुसऱ्या बाजूला एकावर एक दोन लेव्हल्स: अर्धा जिना वर बेडरूम्स, अर्धा जिना खाली फॅमिली रूम आणि बहुतेक वेळा गॅरेज. दुसऱ्या महायुद्धानंतर वसलेल्या उपनगरांत अशा घरांच्या रांगाच्या रांगा दिसतात.

दुसरा प्रकार बाय-लेव्हल, ज्याला स्प्लिट-एन्ट्री किंवा रेझ्ड रँचही म्हणतात. दार उघडतं ते दोन मजल्यांच्या मधल्या लँडिंगवर. खालचा मजला साधारण अर्धा जमिनीत असतो आणि त्याच्या खिडक्या बाहेरून बघितलं तर गवताच्या जेमतेम वर दिसतात.

बॅक-स्प्लिट फसवं असतं. रस्त्यावरून ते एकमजली वाटतं, दोन लेव्हल्स मागे लपलेल्या असतात. यापेक्षा जास्त तुकडे असलेली, चार-पाच लेव्हल्सची घरंही भेटतील. पद्धत तीच, फक्त कागदावर लेव्हल्सची यादी लांबते. मी ती यादी मापं घेण्याआधीच लिहायला सांगतो: मुख्य, वरची, खालची, त्याखाली बेसमेंट असेल तर ते. प्रत्येकीपुढे एक रिकामी जागा सोडा. त्या जागेत ‘वर’ किंवा ‘खाली’ लिहिल्याशिवाय टेप उघडायची नाही.

मातीची परीक्षा

घराला एक पूर्ण फेरी मारा, कुंपणामागची आणि कचऱ्याच्या डब्यांमागची बाजूसुद्धा. समोरून बघून ठरवू नका. उताराच्या प्लॉटवर समोर उघडी दिसणारी लेव्हल मागच्या कोपऱ्यात मातीत गेलेली असते.

काही घरांत डोळ्यांनीच कळतं. जिथे शंका असेल तिथे खिडकीचा आधार घ्या. खालच्या लेव्हलमधली एक खिडकी निवडा. आतून खिडकीच्या खालच्या काठापासून फरशीपर्यंतचं अंतर मोजा. मग बाहेर जाऊन त्याच काठापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. आत ४२ इंच आणि बाहेर २२ इंच आलं, तर फरशी जमिनीच्या २० इंच खाली आहे. वादाला जागाच राहत नाही. दोन्ही अंतरं सारखी असतील, किंवा बाहेरचं जास्त असेल, तर त्या भिंतीपाशी फरशी मातीच्या वर आहे. प्रत्येक बाजूला निदान एका ठिकाणी हे करा. खिडकी नसेल तिथे दाराच्या उंबऱ्यावरून अंदाज बांधता येतो.

या परीक्षेचे निकाल दोन्हीकडे लागू शकतात, हे लक्षात असू द्या. ट्राय-लेव्हलची खालची लेव्हल म्हणजे बिलो ग्रेडच, असं गृहीत धरणारे अनुभवी लोकही भेटतात. सपाट प्लॉटवर, सरळ जमिनीवरच्या स्लॅबवर बांधलेली खालची लेव्हल चारही बाजूंनी मातीच्या वर असू शकते. तशी असेल तर तिचा फिनिश्ड भाग जीएलएमध्ये जातो आणि तो तिथून काढायचा तुम्हाला अधिकार नाही. उलट बाजूने, तीव्र उतारावरच्या घरात मुख्य लेव्हलचाच मागचा कोपरा मातीत निघाला, तर तिलाही हाच नियम. नाव ‘मुख्य’ आहे म्हणून तिला सूट मिळत नाही.

भिंतीला टेकून रचलेले फुलांचे वाफे आणि नंतर टाकलेला भराव इथे मन द्विधा होतं. अशा वेळी जे दिसतं त्याचा जवळून फोटो घ्या, टेप भिंतीला धरून घ्या, आणि तुम्ही कोणता निष्कर्ष का काढलात ते रिपोर्टमध्ये दोन ओळींत लिहा. हे फोटो कोणी मागितले नाहीत तरी फाइलमध्ये हवेत. सहा महिन्यांनी कर्ज देणाऱ्या बँकेकडून प्रश्न आला की वाफ्याची उंची आठवणीतून सांगता येत नाही.

बाहेरची मापं

लेझर मीटर, १०० फुटी टेप, चौकटीचा कागद आणि पेन्सिल एवढं पुरे. लेझर उन्हात आणि झुडपांपाशी दगा देतो, म्हणून टेप हवीच. मापं बाहेरच्या भिंतीच्या बाहेरच्या तयार पृष्ठभागापासून घ्यायची, जवळच्या इंचापर्यंत किंवा फुटाच्या दशांशापर्यंत. क्षेत्रफळाचा शेवटचा आकडा पूर्ण चौरस फुटांत.

दशांश वापरत असाल तर जपून. २४ फूट ६ इंच म्हणजे २४.५ फूट, २४.६ नव्हे. लहान वाटणारी ही गोष्ट लांब भिंतींवर पसरली की बेरीज हलते. पहिले काही महिने सगळं फूट-इंचांत लिहा आणि रूपांतर सॉफ्टवेअरवर सोडा.

स्प्लिट-लेव्हलच्या बाहेरच्या फेरीत दोन जागी खास लक्ष लागतं.

एक म्हणजे वरच्या लेव्हलचा बाहेर आलेला भाग. महायुद्धानंतरच्या काळातल्या कितीतरी घरांत बेडरूम्सची लेव्हल खालच्या भिंतीपेक्षा फूट-दोन फूट पुढे आलेली असते. जमिनीजवळ टेप धरून मोजलेला आराखडा खालच्या लेव्हलचा असतो, वरच्या लेव्हलचा नाही. भिंतीपाशी उभं राहून वर बघा. वर सपाट तळ दिसला तर तो किती पुढे आलाय ते मोजा आणि वरच्या लेव्हलचा आराखडा वेगळा काढा. फक्त समोर बघून थांबू नका, मागेही असतो. मात्र बाहेर आलेली प्रत्येक गोष्ट क्षेत्रफळ नसते. चिमणी, किंवा जिच्या तळाला खोलीच्या पातळीवर फरशी नाही अशी बाहेर आलेली खिडकी, मोजायची नाही.

दुसरी जागा म्हणजे दोन भाग जिथे जुळतात ती भिंत. मुख्य लेव्हल आणि दुमजली भाग यांच्यामध्ये एकच भिंत असते. दोन्ही भाग स्वतंत्रपणे आतून मोजून प्रत्येकात भिंतीची जाडी मिळवली, तर ती दोनदा मोजली जाते. यावर सोपा उपाय असा की समोरच्या बाजूची पूर्ण लांबी एकदा सलग घ्या, मग जुळणीच्या रेषेपर्यंतचं अंतर घ्या आणि उरलेलं वजाबाकीने काढा. जुळणीची रेषा बाहेरून बहुधा दिसते, कारण छताची उंची तिथेच बदलते. शेवटी समोरची बेरीज आणि मागची बेरीज जुळते का ते जागेवरच तपासा. गाडीत बसल्यावर लक्षात आलं तर परत दार ठोठवावं लागतं.

एखादी बाजू बाहेरून मोजता येत नसेल, उंच डेक किंवा दाट झाडी आड येत असेल, तर आतून मोजून भिंतीची जाडी मिळवता येते. तसं केल्याचं रिपोर्टमध्ये लिहा.

आत गेल्यावर

आत तीन गोष्टी बघायच्या: छत, जिने, फिनिश.

छत किमान ७ फूट हवं. तुळई, डक्ट वगैरेंच्या खाली ६ फूट ४ इंच चालतं, जिन्याखाली उंचीची अट नाही. तिरकं छत असेल तर त्या खोलीच्या निदान निम्म्या फिनिश्ड भागावर ७ फूट उंची हवी आणि ५ फुटांपेक्षा कमी उंचीचा भाग अजिबात धरायचा नाही. स्प्लिट-लेव्हलच्या खालच्या लेव्हलमध्ये फॉल्स सीलिंगने ही उंची खाल्लेली असते, तिथे लेझर छताला लावून बघाच. या अटीत न बसणारा पण व्यवस्थित फिनिश केलेला भाग टाकून द्यायचा नसतो. तो नॉनस्टँडर्ड फिनिश्ड एरिया म्हणून वेगळा दाखवायचा.

जिन्यांचा नियम एका वाक्याचा आहे: जिना ज्या मजल्यावरून खाली उतरतो, त्या मजल्याचा. पायऱ्या आणि लँडिंग दोन्ही त्यात आले, पण फरशीला पडलेल्या भोकापेक्षा जास्त नाही. म्हणजे ट्राय-लेव्हलमध्ये बेडरूम्सकडे जाणारा अर्धा जिना वरच्या लेव्हलचा, आणि फॅमिली रूमकडे उतरणारा अर्धा जिना मुख्य लेव्हलचा. हा दुसरा जिना बरेच जण खालच्या लेव्हलमध्ये टाकतात. तो बिलो ग्रेडला पोचवतो हे खरं, पण मोजायचा वर. स्प्लिट-एन्ट्रीत दाराशी जिन्यापेक्षा बरीच मोठी, दुमजली उंचीची मोकळी जागा ठेवलेली असेल, तर वरच्या लेव्हलमधून ती पोकळी वजा करा. फरशीच नाही, तिथे क्षेत्रफळ कुठून येणार?

फिनिश्ड म्हणजे वर्षभर वापरता येईल अशी बंदिस्त जागा, जिच्या भिंती, फरशी आणि छत घराच्या बाकी भागासारखे आहेत. गॅरेजमध्ये गालिचा टाकला तरी ते गॅरेजच. भट्टी आणि वॉटर हीटरची उघड्या काँक्रीटची खोली अनफिनिश्ड. फिनिश्ड आणि अनफिनिश्ड भागांच्या मधली भिंत फिनिश्ड भागाच्या वाट्याला येते, म्हणजे माप तिच्या पलीकडच्या पृष्ठभागापर्यंत घ्यायचं. फॅमिली रूम आणि गॅरेज शेजारी शेजारी असतात, त्यामुळे हा नियम स्प्लिट-लेव्हलमध्ये जवळजवळ दर वेळी लागतो.

एक ट्राय-लेव्हल मांडून बघू

मुख्य लेव्हल २८ × २४ फूट, म्हणजे ६७२ चौरस फूट. चारही बाजूंनी मातीच्या वर.

शेजारचा दुमजली भाग खाली २६ × २४ फूट आहे, म्हणजे ६२४. वरची लेव्हल समोर २ फूट पुढे आली आहे, म्हणून ती २६ × २६, म्हणजे ६७६. दोन्ही अर्धे जिने मुख्य भागाच्या चौकटीतच बसतात. वर जाणारा जिना खरं तर वरच्या लेव्हलचा, पण दोन्ही लेव्हल्स ग्रेडच्या वर असल्याने बेरजेत फरक पडत नाही.

खालच्या लेव्हलच्या मागच्या भिंतीला खिडकीची परीक्षा केली आणि फरशी मातीच्या २० इंच खाली निघाली. पुढे गॅरेजचं दार रस्त्याच्या पातळीवर उघडतं, तरी अख्खी लेव्हल बिलो ग्रेड. तिच्या ६२४ पैकी १२ × २४, म्हणजे २८८ चौरस फूट गॅरेज. उरले ३३६. त्यात ६ × १० फुटांची अनफिनिश्ड भट्टीची खोली, म्हणजे ६०. फॅमिली रूम आणि छोटं बाथरूम मिळून फिनिश्ड भाग २७६.

आता जीएलए म्हणजे ६७२ + ६७६ = १३४८. खालचा भाग बेसमेंटच्या ओळीत: एकूण ३३६, त्यातला फिनिश्ड २७६. गॅरेज गॅरेजच्या ओळीत. लिस्टिंगवाल्याने १३४८ मध्ये २७६ मिळवले आणि १६२४ लिहिले. काउंटीने गॅरेज सोडून सगळं धरलं आणि १६८४ लिहिले. आणि वरचा बाहेर आलेला भाग न बघणाऱ्या ट्रेनीला मिळाले असते १२९६, म्हणजे ५२ चौरस फूट कमी.

खोल्यांनाही तोच नियम. खालच्या लेव्हलमधली चौथी बेडरूम किंवा बाथरूम ग्रेडवरच्या खोल्यांच्या मोजणीत येत नाही. ती बेसमेंटच्या ओळीत दिसते. ‘चार बेडरूमचं घर’ म्हणून विकायला काढलेलं घर अप्रेझलमध्ये तीन बेडरूमचं होतं ते यामुळे.

रिपोर्टमध्ये आणि तुलनेत

स्केचमध्ये प्रत्येक लेव्हल स्वतंत्र आकृती म्हणून काढा, तिच्यावर मापं आणि गुणाकार दिसू द्या, आणि ‘अबव्ह ग्रेड’ की ‘बिलो ग्रेड’ ते आकृतीवरच लिहा. वाचणारा अंडररायटर, म्हणजे कर्ज मंजूर करण्याआधी कागद तपासणारा माणूस, त्या घरात गेलेला नाही. स्केच बघून त्याला घरातून चालत गेल्यासारखं कळलं पाहिजे, म्हणून खोल्यांच्या भिंती आणि नावंही दाखवा.

आता किंमत. खालची लेव्हल जीएलएतून बाहेर गेली म्हणून ती फुकट होत नाही. उजेड असलेली, नीट फिनिश केलेली फॅमिली रूम किमतीत भरपूर भर घालू शकते, आणि ती भर बेसमेंटच्या ओळीत, बाजारातल्या पुराव्यावरून दाखवायची. सगळा परिसरच ट्राय-लेव्हल्सचा असेल तर तिथले खरेदीदार खालच्या खोलीला जवळजवळ वरच्याइतकंच मोल देतात की नाही, हे विक्रीच्या आकड्यांतून शोधा. हाच या कामातला सर्वांत विचाराचा भाग आहे आणि तो कोणत्याही ठरावीक दराने उरकू नये.

कंपॅरेबल्स, म्हणजे तुलनेसाठी घ्यायची विकली गेलेली घरं, निवडताना पहिली पसंती स्प्लिट-लेव्हललाच द्या. मग त्यांचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. तुमच्या घराचे १३४८ ॲन्सीप्रमाणे आणि शेजारच्या घराचे १६५० लिस्टिंगप्रमाणे असतील, तर तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवता आहात आणि तुमच्या घरावर खोटी वजावट बसते. लिस्टिंगचे फोटो, काउंटीचं रेखाचित्र, जुन्या अप्रेझलची फाइल, जे मिळेल त्यावरून कंपॅरेबलची खालची लेव्हल वेगळी काढा. वरचं वरच्याशी, खालचं खालच्याशी. माहिती कुठून घेतली आणि किती वेगळं केलं ते लिहा.

मानक पाळणं शक्यच नसेल, उदाहरणार्थ चारही बाजूंनी मातीत बांधलेलं घर, जिथे नियमाने जीएलए शून्य येईल, तर ‘ॲडिशनल फीचर्स’च्या रकान्यात सुरुवातीलाच जीएक्सएक्स००१ हा कोड टाकून कारण द्यावं लागतं. साध्या स्प्लिट-लेव्हलला मात्र हा रस्ता नाही. आकडा लहान आला, मालक नाराज होईल, ही कारणं त्यात बसत नाहीत.

मालकाशी बोलणं बहुतेक वेळा दाराशीच होतं. ‘काउंटी तर १६८४ म्हणते’ असं ते सांगतील. तिथे वाद घालू नका आणि किमतीबद्दल काही बोलूही नका. सरळ सांगा की जमिनीखाली थोडीही गेलेली लेव्हल या नियमाने वेगळ्या ओळीत लिहितात, ती रिपोर्टमध्ये असणार आहे आणि तिचा विचारही होणार आहे. खिडकीचं माप घेताना त्यांना सोबत उभं केलंत तर आणखी बरं. २० इंच त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात.